साखरेबरोबर रक्तदाबही

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी बारडोलीला मामांकडे गेलो होतो. १९२८ च्या सत्याग्रहामुळे इतिहासात अमर झालेले हे गाव आज ऊस आणि साखर कारखान्यासाठी ओळखले जाते. तोडणीसाठी खानदेशातून मजूर येतात, त्यामुळे मराठी-अहिराणीही तेथे कानांवर पडते.

मामांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. चहा बिनसाखरेचा, पहाटे फिरणे ठरलेले. रक्तदाबाची गोळी मात्र त्यांनी वर्षापूर्वी आपणच बंद केली होती. "प्रेशर नॉर्मल आलं, मग गोळी कशाला रे?" हे त्यांचे उत्तर. त्यांच्या पायांवर सूज दिसली म्हणून आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब १७०/१०० भरला आणि लघवीत अल्ब्युमिन सापडले. मूत्रपिंडांना इजा होऊ लागली होती. तेव्हापासून मी या विषयाचे वाचन केले, त्याचे सार येथे देत आहे.

मधुमेहात रक्तवाहिन्या ताठर होतात आणि मूत्रपिंडे शरीरात मीठ धरून ठेवतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडातील व डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या साखरेने आधीच दुबळ्या झालेल्या असतात. त्यांवर हा दाब पडला की हानी झपाट्याने होते.

याचा मोठा पुरावा ब्रिटनमधील अभ्यासातून १९९८ साली मिळाला. त्यात मधुमेह व उच्च रक्तदाब असलेले ११४८ रुग्ण होते. एका गटाचा सरासरी दाब १४४/८२, तर दुसऱ्याचा १५४/८७ राहिला. फरक जेमतेम दहा अंकांचा. पण पहिल्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले! पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. अभ्यास संपल्यावर दोन वर्षांत दोन्ही गटांचा दाब सारखाच झाला आणि मिळालेला लाभही बहुतांशी ओसरला, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. मामांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. दाब नॉर्मल आला तो गोळीमुळे. गोळी थांबली की दाब परततो.

आज बहुतेक मधुमेही रुग्णांत दाब १३०/८० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. वृद्धांना चक्कर येत असेल तर डॉक्टर हे लक्ष्य बदलतात. लघवीत अल्ब्युमिन असल्यास रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांसारखी, मूत्रपिंडांनाही जपणारी औषधे प्रथम देतात. ती सुरू केल्यावर रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे लागते. गर्भवतींना ती वर्ज्य आहेत. रॅमिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. तेव्हा औषध सोडून न देता बदलून घ्यावे. पुष्कळांना ॲम्लोडिपिन किंवा लघवी वाढवणारी गोळी जोडीला लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आहारात दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाठिया, पापड, लोणचे गोड नसतात, म्हणून मामा ते निर्धास्त खात. पण पापडखारातूनही सोडियम पोटात जाते, हे त्यांना ठाऊक नव्हते. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. त्यांपैकी अनेक दाब वाढवतात आणि मूत्रपिंडांना अपाय करतात.

आता मामांच्या कॅलेंडरवर साखर आणि रक्तदाब असे दोन आकडे लिहिलेले असतात. मित्रहो, आपल्या घरी कोणी मधुमेही असेल तर "साखर किती?" एवढ्यावर थांबू नका. "प्रेशर किती, आणि गोळी चालू आहे ना?" हेही आवर्जून विचारा.