जुन्या जीपगाडीसाठी थर्मोस्टॅटची निवड

वऱ्हाडात वैशाखाचे ऊन तापू लागले, की जुन्या जीपगाड्यांची एंजिने उकळल्याच्या तक्रारी वाढतात. अकोला व अमरावती जिल्ह्यांत या दिवसांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. अशा वेळी गाडी मिस्त्रीकडे नेली असता पुष्कळदा थर्मोस्टॅट काढून टाकला जातो आणि आपल्या उष्ण मुलखात या वस्तूची गरज नाही, असे मालकास सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. त्यापायी चांगली एंजिने अकाली झिजतात.

थर्मोस्टॅट ही एंजिनातील पाण्याच्या वाटेवर बसविलेली लहानशी झडप होय. एंजिन थंड असताना ती मिटलेली असते. त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता एंजिनातच फिरते व लवकर तापते. ठरलेल्या अंशास झडप उघडू लागते आणि त्याच्या पुढे सुमारे दहा-बारा अंशांवर ती पूर्ण उघडते. एकदा ती पूर्ण उघडली, की तिचे काम संपले. त्यापुढे एंजिन किती थंड राहील, हे रेडिएटर, पंखा, पंप व पाणी यांवर अवलंबून असते. म्हणून उकळणाऱ्या गाडीत ८२ अंशांच्या जागी ७१ अंशांची झडप बसविल्याने भर दुपारच्या तापण्यात सहसा फरक पडत नाही, कारण त्या वेळी दोन्ही झडपा सारख्याच उघड्या असतात.

झडप काढल्याने तोटा मात्र निश्चित होतो. गावापासून संत्र्याच्या बागेपर्यंत तीन-चार किलोमीटरची फेरी, तीही पौषातील सकाळी, एवढ्यात उघड्या वाटेचे एंजिन तापतच नाही. पेट्रोल पुरते न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते व तेल पातळ होते. आत दव धरते, गाळ साचतो आणि रिंगा झिजतात. डिझेल एंजिन पांढरा धूर सोडत राहते. काही एंजिनांत तर झडप उघडताना तिची खालची चकती बगलेची वाट बंद करते. अशा एंजिनातून झडप काढली, तर तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा एंजिनात येतो. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून केलेला उपाय तिला अधिकच तापवितो.

नवी झडप घेताना केवळ 'जीपची द्या' एवढे म्हणून भागत नाही. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या गाड्यांची एंजिने पेट्रोलची होती. पुढे त्याच घडणीच्या गाड्यांत डिझेल एंजिने बसू लागली. त्यांपैकी काही इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातील, तर काही प्यूजो कंपनीच्या आराखड्याची होती. शिवाय मालकांनी स्वखुशीने बदललेली एंजिने वेगळीच. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांना दोन निराळ्या झडपा लागू शकतात. म्हणून गाडीचे नाव व साल नव्हे, तर एंजिनाचा प्रकार पाहावा आणि त्या एंजिनाच्या पुस्तकात दिलेला अंशच घ्यावा. हा आकडा झडपेच्या कडेवर किंवा तळाशी कोरलेला असतो. जुन्या झडपांवर तो फॅरनहाइटमध्ये आढळतो: १६० म्हणजे सुमारे ७१ आणि १८० म्हणजे सुमारे ८२ अंश सेल्सिअस.

जुनी झडप दुकानात बरोबर न्यावी. कडेचा व्यास, कडेची जाडी, एकंदर उंची आणि खालची चकती आहे की नाही, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. कड जाड असेल तर बोल्ट आवळताना वरचे बिडाचे झाकण तडकते. ती लहान असेल तर पाणी बाजूने निसटते.

फार जुन्या गाड्यांत भात्यासारख्या घड्यांची झडप सापडते. तिच्यावर पाण्याच्या दाबाचा परिणाम होतो, म्हणून दाबाचे झाकण असलेल्या रेडिएटरला मेणाची झडप अधिक योग्य. मात्र भाता फुटला तर झडप बहुधा उघडी राहते, आणि मेण गळाले तर बहुधा मिटलेली. ही दुसरी स्थिती एंजिनाला घातक आहे. म्हणून नवी झडपही पारखूनच बसवावी.

पारख घरी करता येते. झडप बोटाने किंचित उघडून तिच्या फटीत दोरा अडकवावा आणि त्या दोऱ्याने ती पाण्याच्या भांड्यात टांगावी. भांड्याच्या तळास ती टेकू देऊ नये. शेजारी तापमापक धरून पाणी सावकाश तापवावे. दोरा सुटून झडप खाली पडेल तो तिचा उघडण्याचा अंश. कोरलेल्या आकड्याशी दोन-तीन अंशांचा फरक चालतो. पाणी उकळल्यावरही न उघडणारी झडप परत करावी.

खारपाणपट्ट्यात याहून निराळी अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूस विहिरींचे पाणी खारे आहे. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते. त्याने पितळ कुरतडते, रेडिएटरच्या नळ्यांत चुनखडी धरते आणि झडपेच्या मेणाच्या डबीवर थर बसून ती उशिरा उघडू लागते. अशा गाडीत दर हंगामाला नवी झडप घातली तरी उपयोग नाही. आधी रेडिएटर आतून धुऊन घ्यावा व बाहेरील पत्र्यांतला कापसाचा कचरा फुंकून काढावा. नंतर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी व गंजरोधक कूलंट यांचे मिश्रण भरावे. ते न परवडल्यास छपरावरून धरलेले स्वच्छ पावसाचे पाणी साठवून ठेवावे. कूलंट मात्र त्यातही घालावे.

रेडिएटरचे झाकणही तपासावे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघडे पाणी ९६ अंशांच्या सुमारासच उकळते. परतवाड्याहून घाट चढणाऱ्या गाडीचे झाकण सैल असेल, तर झडप निर्दोष असूनही पाणी उसळून जाते. तापलेल्या एंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. वाफेने तोंड व हात भाजतात.

झडप बसविताना स्प्रिंगची बाजू एंजिनाकडे आणि हवा सुटण्याचे बारीक छिद्र वरच्या अंगास ठेवावे. जुन्या पॅकिंगचा कागद पूर्ण खरवडून नवे पॅकिंग घालावे. एंजिन चालू केल्यावर वरचा रबरी नळ काही मिनिटे थंड राहून मग तापला, तर झडप नीट काम करीत आहे असे समजावे. तो पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडीच अडकली आहे किंवा तिची कड नीट बसलेली नाही. तेव्हा झाकण पुन्हा खोलून पाहावे.