उसाला सावलीची चाहूल कशी लागते?



प्लॉट पाहणीला आम्ही येतो तेव्हा पुष्कळ सभासद विचारतात, "साहेब, ऊस सरळ वर चाललाय, पण फुटवा नाही. युरिया टाकू का?" अशा वेळी आम्ही आधी सरीत वाकून बघतो. बहुधा तण माजलेले असते, नाहीतर लागण दाट असते.

याचे कारण प्रकाशात आहे. सूर्यप्रकाशात तांबडे किरण असतात, तसेच त्यांच्या पलीकडचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे अतितांबडे किरणही असतात. हिरवे पान अन्न तयार करण्यासाठी तांबडे किरण शोषून घेते. अतितांबडे मात्र बरेचसे परत फेकते किंवा आरपार सोडते. त्यामुळे झाडांच्या गर्दीत तांबडे कमी व अतितांबडे जास्त होतात. हा फरक ओळखणारे फायटोक्रोम नावाचे द्रव्य झाडात असते. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी ते १९५९ साली ओळखून दाखविले.

तांबड्या किरणांनी फायटोक्रोम जागे होते, अतितांबड्यांनी ते झोपी जाते. ते झोपले की ऑक्झिन, जिबरेलिन ही वाढीची संप्रेरके जोर करतात. कोंब उजेडासाठी वर धावतो आणि बुडाचे डोळे दबून राहतात. फुटवा तर याच डोळ्यांतून निघतो!

ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, शेजारच्या पानावरून परतलेले अतितांबडे किरणही झाडाला कळतात. म्हणजे सावली पडण्याआधीच चाहूल लागते. तेव्हा तण उसापेक्षा बुटके आहे म्हणून निर्धास्त राहू नये. युरियाने तणही पोसते, गर्दी काही हटत नाही.

हिशेब साधा आहे. एकरी ४० हजार ऊस, सरासरी वजन अडीच किलो, म्हणजे १०० टन. त्यातले १० हजार ऊस कमी पडले की २५ टन गेले.

म्हणून सभासदांनी एवढे करावे:

१. लागणीपासून पहिले तीन महिने प्लॉट तणमुक्त ठेवावा.
२. सरी ४ ते ५ फुटांची पाडावी. टिपरी दाट लावू नये.
३. आंतरपीक बुटके व लवकर निघणारे घ्यावे. हरभरा, कांदा, भुईमूग चालेल, मका टाळावा.
४. फुटवे दिसू लागल्यावर जेठा कोंब मोडावा. शेंड्याकडून येणारे ऑक्झिन थांबते व बुडाचे डोळे मोकळे होतात.

फुटवे वेळेवर आले पाहिजेत. मोठ्या बांधणीनंतर पाने मिळून येतात आणि मागाहून आलेला फुटवा त्या सावलीत मरतो. शंका असल्यास आपल्या गट कार्यालयात यावे. आम्ही प्लॉटवर येऊन पाहू.

— ऊस विकास अधिकारी