भ्यायलेल्यांचा विश्वास : संत मार्क, फादर स्टीफन्स आणि वेदगंगेचं पाणी

सामान्य काळाच्या बाराव्या रविवारी, तीन वर्षांच्या वाचनचक्रात एकदा, मिस्सात वादळाचा उतारा वाचला जातो. संत मार्ककृत शुभवर्तमान, चौथा अध्याय, शेवटची सात वचनं. २०२१ साली तो रविवार २० जूनला आला होता, २०२४ साली २३ जूनला. म्हणजे मृग संपून आर्द्रा लागायच्या सुमाराला, जेव्हा बेळगाव-निपाणी भागात प्रत्येकाचं एक लक्ष आभाळाकडं असतं. उतारा आपल्याला पाठ आहे. संध्याकाळ, नाव, वादळ, झोपलेला येशू, घाबरलेले शिष्य, मग शांत पाणी. त्यावरचा उपदेशही बहुतेकदा ठरलेला असतो: देवावर भरवसा असला की भ्यायचं कारण नाही, शिष्य भ्याले कारण त्यांचा विश्वास कमी पडला.

मला हा अर्थ पुरा पडत नाही. विश्वास आणि भीती एका घरात राहू शकत नाहीत, हे मार्क कुठंही म्हणत नाही. वर्गात आपण एखादी कथा जशी शब्दाशब्दाशी थांबत वाचतो, तसा हा उतारा वाचून बघूया.

आधी नावेत कोण आहेत ते बघू. पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान, हे चौघं तरी याच पाण्यावर जाळी टाकत वाढलेले. गालीलचं सरोवर फार मोठं नाही. लांबी साधारण २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३. पण ते समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून जास्त खाली, डोंगरांच्या मधल्या खोलगटीत आहे, आणि वरची गार हवा एकदम खाली घसरली की पाणी बघता बघता खवळतं. हे त्या चौघांना लहानपणापासून ठाऊक. जकात गोळा करणारा लेवी घाबरला असता तर आपण समजून घेतलं असतं, त्याचा आणि पाण्याचा संबंध काय? इथं घाबरलेत ते पाणी ओळखणारे. आपल्याकडं यमगर्णीच्या बाजूला वेदगंगेच्या काठचा म्हातारा शेतकरी पाण्याचा रंग बघून सांगतो, आज रात्री जनावरं वर न्या. ती भीती म्हणजे अनुभव असतो. तिला अविश्वास म्हणणारा माणूस बहुतेक नदीपासून लांब राहणारा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उशी. येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता, हे एकटा मार्क सांगतो. मत्तय आणि लूक यांनी उशी गाळली आहे. २७ मार्च २०२० ला, करोनाच्या पहिल्या लाटेत, पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या रिकाम्या चौकात पावसात उभं राहून याच उताऱ्यावर चिंतन केलं. तेव्हा त्यांनी याच मागच्या टोकाकडं लक्ष वेधलं होतं: नाव बुडायला लागली की ती बाजू आधी पाण्याखाली जाते. म्हणजे जो निवांत झोपलाय तो सुरक्षित जागी झोपलेला नाही.

आता हाक. मार्कमधले शिष्य येशूला उठवतात तेव्हा विनंती करत नाहीत, जाब विचारतात. आम्ही मरतोय, तुला त्याचं काहीच नाही का, असा त्यांचा सूर आहे. हीच घटना सांगताना मत्तयानं हा सूर मऊ केलाय. त्याचे शिष्य प्रभूला वाचव म्हणून विनवतात, अगदी उपासनेत शोभेल असं. मार्कनं मात्र उद्धटपणा तसाच ठेवला. आणखी एक फरक सहज निसटतो. मत्तयामध्ये येशू आधी शिष्यांना बोलतो, मग वाऱ्याला. मार्कमध्ये आधी वाऱ्याला गप्प करतो, मग शिष्यांकडं वळतो. म्हणजे हाक नीट शब्दांत नव्हती, तिच्यात राग होता, तरी तिला उत्तर आधी मिळालं आणि शिकवण नंतर. बुडणाऱ्या माणसाला आधी बाहेर काढावं, मग पोहण्याचा धडा द्यावा, इतकं ते साधं आहे.

यावर कुणी म्हणेल, पण येशूनं त्यांना दटावलं की! दटावलं, ते नाकारता येणार नाही. फक्त शब्द बघायला हवा. मूळ ग्रीकमध्ये येशूच्या प्रश्नात 'देइलोस' हा शब्द आहे, त्याचा अर्थ भेकड, कच खाणारा. आणि लगेच पुढच्या वचनात, वादळ शमल्यावर, शिष्यांना मोठं भय वाटलं असं मार्क लिहितो तेव्हा शब्द येतो 'फोबोस'. मराठीत दोन्हीकडं 'भीती' वापरली की हा फरक पुसला जातो. शांत पाण्यावर त्यांची भीती संपत नाही, उलट वाढते, फक्त तिचा रोख बदलतो. वादळाला भ्यालेली माणसं आता नावेत शेजारी बसलेल्याकडं बघून भितात आणि हा आहे तरी कोण असं एकमेकांना विचारतात. उतारा या प्रश्नावर संपतो. शिष्यांचा विश्वास वाढला, असं मार्क लिहीत नाही.

त्याच रविवारी प्रतिसाद-स्तोत्र म्हणून १०७ वं स्तोत्र असतं. त्यात चार प्रकारची अडलेली माणसं येतात: वाळवंटात वाट चुकलेली, कैदेत पडलेली, आजारी, आणि समुद्रात सापडलेली. खलाशांचं वर्णन करताना स्तोत्रकार म्हणतो की ते दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खातात आणि त्यांचं सगळं कसब संपतं. चौघांचीही सुटका एकाच गोष्टीनंतर होते, ते ओरडतात. भीती आवरून शांत बसले म्हणून कुणाची सुटका होत नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास स्तोत्रं अशीच गाऱ्हाण्याची आहेत, आणि ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं.

मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये. १६३० च्या दुष्काळात तुकोबांचं घर उद्ध्वस्त झालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यानंतरचे तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात, कधी कधी हाकलतातसुद्धा. नामदेव, जनाबाई यांचंही तेच. त्यांना आपण अविश्वासू म्हणत नाही, संत म्हणतो. मग तोच सूर एखाद्या ख्रिस्ती आजारी बाईनं लावला की तिला गप्प का करतो?

इथं मला एका माणसाचं पत्र आठवतं. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स आपल्याला मराठी साहित्याच्या इतिहासात भेटतात: १६१६ साली छापलेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं काव्य, इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटानं गोव्यात राहून लिहिलेलं. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचं नाव घेतात. आपल्या भागाशीही त्यांचं लांबचं नातं आहे. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली वेगळा होईपर्यंत इकडचा बराच मुलूख गोव्याच्या आर्चबिशपांकडं होता. पण पुराणाच्या ३७ वर्षं आधी, गोव्यात पोचल्या-पोचल्या, १० नोव्हेंबर १५७९ ला त्यांनी वडिलांना इंग्रजीत एक लांबलचक पत्र लिहिलं. ते पुढं हॅक्लुटच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं गेलं. आपण ख्रिस्तपुराणाच्या भाषेवर पानंच्या पानं लिहितो, या पत्राकडं मात्र कुणी फारसं बघत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला लिस्बनहून निघालेलं जहाज २९ जुलैला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी पोचलं. सगळे ज्या जागेला भीत होते तिथं तुफान नव्हतंच, नुसत्या मोठ्या लाटा होत्या. पण जहाजाचा वाटाड्या, म्हणजे आपल्या भाषेत तांडेल, चुकला. वारा हाताशी आहे असं समजून त्यानं जहाज किनाऱ्याच्या फार जवळ आणलं. मग वारा फिरला, लाटांनी जहाज आणखी आत ढकललं, आणि अगुल्हास भूशिराजवळ ते १४ वावांपेक्षाही कमी पाण्यात येऊन अडकलं. १४ वाव म्हणजे साधारण २५ मीटर; तेवढ्या मोठ्या जहाजाला, त्या लाटांत, ते काहीच नाही. खाली धारदार खडक, त्यामुळं नांगर धरेना. किनारा असा की उतरायची सोय नाही. तीस वर्षांचे स्टीफन्स वडिलांना सरळ लिहितात की जगण्याची आशा उरली नव्हती, आधार होता तो देवाचा आणि स्वच्छ मनाचा. नांगर गेले. तेव्हा खलाशांनी शिडं वर चढवली, निदान जरा बऱ्या जागी जहाज किनाऱ्याला लागावं म्हणून. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना जमिनीकडून वारा सुटला, शिडं भरली, जहाज खोल पाण्यात निघालं.

या पत्रात मला तीन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, स्टीफन्स देवाचे आभार मानतात, पण तांडेलाची चूक झाकत नाहीत. देवाच्या दयेनं वाचलो हे खरं आणि माणसाच्या चुकीनं अडकलो हेही खरं, दोन्ही एकाच परिच्छेदात. दोन, तो वारा आला तेव्हा शिडं आधीच वर होती. प्रार्थना करणारे हात बांधून बसले नव्हते. तिसरी गोष्ट अवघड आहे. पुढच्या प्रवासात जहाजावर रोग पसरला. हिरड्या सुजून दातांवर चढत, खाता येत नसे, पाय आणि अंग सुजे. आज आपण त्याला स्कर्व्ही म्हणू. दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि २७ जण मेले. इतर खेपांच्या मानानं हा आकडा कमीच, असंही ते नोंदवतात. ज्या देवानं शिडांत वारा भरला त्यानं या सत्तावीस जणांचं काय केलं? स्टीफन्स हा प्रश्न सोडवत नाहीत. सुटका आणि मरण त्यांनी शेजारी शेजारी लिहून ठेवलंय, एकानं दुसऱ्याचा हिशेब चुकता केला नाही. साक्ष देताना आपण नेमकं उलटं करतो. वाचलेल्यांना माइक देतो आणि जे वाचले नाहीत त्यांच्या घरच्यांना मागच्या बाकावर बसवतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर आलं आणि रस्ता बंद पडला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आमच्या नात्यातली एक म्हातारी काठच्या गावात राहते. २०१९ ला तिचा रोझरी आणि धान्याची पोती माळ्यावर चढवणं हे दोन्ही एकदमच चालू होतं, आणि मधेमधे ती देवाला मोठ्यानं बोलत होती, चांगल्या शब्दांत नाही. मदतीला आलेल्या एका पाहुण्यानं तिला म्हटलं, मावशी, असं ओरडू नये, विश्वास ठेवावा. ती पोतं न सोडता म्हणाली, "त्येला सांगाय नको व्हय, पानी कुठवर आलंय ते?"

मार्कच्या उताऱ्यावर मी वाचलेल्या टीकेत मला याहून नेमकं वाक्य सापडलेलं नाही. हाक मारायला समोर कुणीतरी ऐकणारं आहे असं मानावं लागतं. नावेत दुसरा कुणी नाही असं ज्याला वाटतं तो ओरडत नाही, मुकाट्यानं पाणी उपसतो किंवा उडी टाकतो.

'देव बघून घेईल' हे वाक्य सीमाभागात आपण दोन भाषांत ऐकतो. कानडीत 'देवरु इद्दाने' म्हणतात, देव आहे. बोलणारा स्वतःच्या संकटात ते म्हणत असेल तर मी मान झुकवतो. पण पुष्कळदा ते दुसऱ्याच्या संकटात म्हटलं जातं, विषय संपवायला. अलमट्टीतून पाणी कधी आणि किती सोडायचं यावर दोन राज्यांत वाद चालतो, नदीपात्रात भराव कुणी घातले यावर गावात कुजबूज चालते, आणि ज्याचं घर पडलंय त्यानं प्रश्न विचारला की त्याला भरवशाचा उपदेश मिळतो. तांडेल चुकला होता असं जेझुइट संन्यासी वडिलांना लिहू शकतो, तर पूरग्रस्तानं पंचायतीत विचारलेला प्रश्न श्रद्धेच्या विरुद्ध कसा?

मार्कमध्ये वादळानंतर जल्लोष नाही. नाव पलीकडं लागते न लागते तोच थडग्यांमधून एक पिसाट माणूस धावत समोर येतो आणि पाचवा अध्याय सुरू होतो. शिष्यांचे कपडे वाळले असतील की नाही कोण जाणे. स्टीफन्सच्या पत्रातही सुटकेनंतर मोठं स्तवन नाही, देवाचे आभार एका वाक्यात आटोपलेत. दुसऱ्या दिवशी, ते लिहितात, नेहमी मासे मिळतात त्या जागी जहाज पोचलं आणि लोकांनी गळ टाकले. मासे इतके निघाले की सगळ्या जहाजाला तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाचा काही भाग पुरले. त्यातल्या एकाच्या गळाला मासा नाही, भलंमोठं किमती पोवळं लागलं.