पाचवीच्या दप्तरातले चार कागद

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने मला विचारले, "आमचा सप्टेंबरमध्ये पाचवीत जाईल. पाचवीचं काही विशेष नसतं ना गं? खरी काळजी मिडल स्कूलपासूनच ना?" मला चटकन उत्तर देता आले नाही. चार वर्षांपूर्वी माझेही मत हेच होते. मुलीच्या पाचवीच्या वर्षी मी ज्या चुका केल्या, त्या दोन वर्षांनी मुलाच्या वेळी टाळता आल्या. त्या आधीच कोणी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते, असे वाटते म्हणून हा लेख.

आपल्यापैकी जे मराठी माध्यमात शिकले, त्यांना पाचवी चांगलीच आठवत असेल. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली. त्याआधी एबीसीडीची सुरुवात पाचवीत होई. चौथीची स्कॉलरशिप आटोपलेली असे, अनेकांची शाळा बदलून हायस्कूल सुरू होई. हे वर्ष महत्त्वाचे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे. इथे मात्र पाचवी गुपचूप येते. आमच्याकडे न्यू जर्सीत पुष्कळ ठिकाणी तीच इमारत, तोच बसस्टॉप, तेच मित्र. पण याच वर्षी दप्तरातून असे काही कागद घरी येतात की ज्यांवर पुढची बरीच वर्षे अवलंबून असतात. हल्ली त्यातले बरेचसे ईमेलने येतात, पण मी त्यांना कागदच म्हणते.

पहिला कागद : आरोग्याच्या तासाचा

वयात येताना शरीरात होणाऱ्या बदलांविषयी पाचवीच्या सुमारास वर्गात शिकवतात. त्याआधी पालकांना पत्र येते. न्यू जर्सीत पालकांनी लेखी कळवले तर मुलाला या भागातून वगळता येते. मी लगेच तशी चिठ्ठी पाठवली. मुलगी दहा वर्षांची, अजून बाहुल्या घेऊन झोपणारी. वेळ आली की मीच सांगेन, असा विचार केला.

मे महिन्यात एके दिवशी ती शाळेतून आली आणि पोट दुखते म्हणून पडून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी धुण्याच्या टोपलीत तळाशी गुंडाळून ठेवलेले कपडे हाती लागले तेव्हा मला उलगडा झाला. आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला आहे आणि सांगितले तर आई घाबरेल, असे तिला वाटत होते. दोन दिवस ती हे एकटी मनात घेऊन वावरली. वर्गातल्या इतर मुलींना जे माहीत होते ते तिला माहीत नव्हते, कारण तो तास चालू असताना ती लायब्ररीत बसली होती. माझ्या चिठ्ठीमुळे.

मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ व मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. छातीची वाढ सुरू झाल्यावर दोन-अडीच वर्षांनी बहुधा पाळी येते. म्हणजे दहाव्या-अकराव्या वर्षी पाळी येणे यात काही वावगे नाही. मुलीमध्ये आठाच्या आधी किंवा मुलामध्ये नवाच्या आधी बदल दिसले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

माझे सांगणे एवढेच की पाचवीची शाळा सुरू होण्यापूर्वी घरात एकदा मोकळेपणाने बोलावे. मुलांशीही बोलावे, घामाचा वास, आवाज, चिडचिड हे त्यांचेही प्रश्न असतात. मुलीच्या दप्तरात एका लहान पिशवीत दोन पॅड आणि जादा अंतर्वस्त्र ठेवावे, आणि अडचण आली तर शाळेच्या नर्सकडे जायचे हे तिला सांगून ठेवावे. भारतातून आजी आलेली असेल तर तिच्याशीही आधी बोलावे. ज्या वयात मुलीला धीर हवा, त्या वयात तिला "शिवू नकोस" ऐकावे लागू नये.

दुसरा कागद : गणिताच्या वर्गाचा

सहावीत गणिताचे वेगवेगळे गट असतात. कोण कोणत्या गटात जाणार हे पुष्कळ डिस्ट्रिक्टमध्ये पाचवीतले गुण, शाळेतल्या चाचण्या आणि शिक्षकांचे मत यांवर ठरते. तसे पत्र आमच्याकडे मुलीच्या वेळी आले होते. ते मी जूनमध्ये दप्तर साफ करताना वाचले. फेरविचाराची मुदत संपून गेली होती.

या गटांचा हिशेब पालकांनी समजून घ्यावा. पुढच्या गटातली मुले आठवीत आल्जिब्रा करतात. मग नववीत जॉमेट्री, दहावीत आल्जिब्रा दोन, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस. साध्या गटातली मुले आल्जिब्रा नववीत करतात, म्हणजे बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचतात. मधे उन्हाळ्यात एखादा विषय करून ही एका वर्षाची तूट भरून काढण्याची सोय काही शाळांत असते. म्हणून साध्या गटात गेले म्हणजे सर्व संपले, असे मुळीच नाही. माझी मुलगी आता नववीत आल्जिब्रा करते आहे आणि तिचे उत्तम चालले आहे. फक्त तो निर्णय आम्ही घेतला नाही, तो आमच्या नकळत झाला, ही खंत राहिली.

पाचवीच्या गणिताचा गाभा म्हणजे अपूर्णांक. छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, अपूर्णांकांचा गुणाकार, हजारांशापर्यंतचे दशांश, आणि घनफळ. आपण लहानपणी लसावि काढून हीच गणिते केली आहेत, तेव्हा इथे आपली खरी मदत होऊ शकते. मात्र आपली रीत शिकवण्याआधी वर्गात कोणती रीत शिकवली आहे ते मुलालाच समजावून सांगायला लावावे. सहावीत गुणोत्तरे आणि ऋण संख्या येतात आणि त्या वेळी अपूर्णांक कच्चे असलेले मूल पुढच्या गटात असो की साध्या, अडखळतेच.

मुलाच्या वेळी मी नोव्हेंबरच्या पालक-शिक्षक भेटीत तीन प्रश्न विचारले : सहावीचा गट कशावरून ठरतो? पत्र कधी येते? याचा कच्चा भाग कोणता? त्याचे दशांश कच्चे निघाले. रोज पंधरा मिनिटे, वाणसामानाच्या पावत्या समोर ठेवून आम्ही ते पक्के केले. ट्यूशन लावावी लागली नाही.

तिसरा कागद : डॉक्टरांचा

न्यू जर्सीत सहावीत प्रवेश करताना ११ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची टीडॅप आणि मेनिंजायटिसची लस झाल्याची नोंद शाळेला द्यावी लागते. इतर राज्यांचे नियम वेगळे असतात, ते शाळेच्या नर्सकडून समजतात. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळत नाही, म्हणून वसंतातच नोंदवावी. एचपीव्हीची लस शाळेसाठी सक्तीची नाही, पण पुढे होऊ शकणाऱ्या काही कर्करोगांपासून ती संरक्षण देते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही लस ९ ते १२ या वयात सुरू करावी असे सांगते. "इतक्या लहान वयात कशाला?" असे मीही विचारले होते. उत्तर असे की लस संसर्गाच्या पुष्कळ आधी दिली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो.

याच भेटीत कोलेस्टेरॉलच्या तपासणीचे जरूर विचारावे. ९ ते ११ या वयात प्रत्येक मुलाची ही तपासणी एकदा करावी अशी शिफारस २०११ पासून आहे. आपल्या दृष्टीने हे अधिकच महत्त्वाचे. दक्षिण आशियाई वंश हा हृदयरोगाची जोखीम वाढवणारा घटक असल्याचे अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शनात नमूद आहे. आजोबांची बायपास, काकांचा मधुमेह हे डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. वर्षातून एकदा होणारी अशी तपासणी बहुतेक विम्यांत नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडे को-पे न देता होते.

आणि झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. सोमवारी पोहणे, मंगळवारी तबला, बुधवारी कुमॉन, शनिवारी मराठी शाळा असे वेळापत्रक लावताना आधी झोपेचे तास बाजूला काढावेत आणि उरलेल्यातून क्लासेस बसवावेत.

चौथा कागद : पैशाचा

हा कागद शाळा पाठवत नाही, आपणच करायचा असतो. पाचवी सुरू झाली की कॉलेजला आठ वर्षे उरतात. दरमहा २०० डॉलर बाजूला टाकले आणि हिशेबापुरता वर्षाला ५ टक्के परतावा धरला, तर जन्मापासून १८ वर्षांत सुमारे ६९,८०० डॉलर होतात, पाचवीपासून आठ वर्षांत सुमारे २३,५००, आणि नववीपासून चार वर्षांत सुमारे १०,६००. उशीर झाला म्हणून हात टेकू नयेत आणि आणखी उशीरही करू नये, हे या तीन आकड्यांवरून कळते.

यासाठी ५२९ प्लॅन सोयीचा आहे. शिक्षणासाठी काढलेल्या पैशांतल्या वाढीवर फेडरल कर नाही. इतर कारणासाठी काढले तर वाढीवर कर आणि १० टक्के दंड बसतो. मूल कॉलेजला गेले नाही तर पैसे अडकतील, ही भीती आता थोडी कमी झाली आहे. खाते किमान १५ वर्षे जुने असेल तर काही अटींवर आयुष्यभरात एकूण ३५,००० डॉलरपर्यंत रक्कम मुलाच्या रॉथ आयआरएमध्ये नेता येते. ही सवलत २०२४ पासून आहे. म्हणून लहान रकमेने का होईना, खाते आजच उघडावे; १५ वर्षांची मोजणी तेव्हापासूनच सुरू होते. न्यू जर्सीत वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरपर्यंत असेल, तर राज्याच्या ५२९ मध्ये घातलेल्या १०,००० डॉलरपर्यंतच्या रकमेवर राज्याच्या करात वजावट मिळते.

एक सावधगिरी. आपल्याकडे मुलाच्या नावाने पैसे ठेवण्याची हौस असते. पण फेडरल आर्थिक मदतीच्या हिशेबात मुलाच्या मालकीच्या रकमेचे २० टक्के धरले जातात, तर पालकांच्या मालकीच्या ५२९ चे जास्तीत जास्त ५.६४ टक्के. तेव्हा वाढदिवसाला आजोबांनी दिलेले पैसे कोठे ठेवायचे याचा विचार आधी करावा.

थोडक्यात सांगायचे तर सप्टेंबरपूर्वी मुलाशी बोलणे, नोव्हेंबरमध्ये शिक्षकांना तीन प्रश्न, जानेवारीत ५२९ चे खाते, वसंतात डॉक्टर, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी दप्तरावर व ईमेलवर एक नजर. यापैकी कशालाही फार पैसा किंवा हुशारी लागत नाही. हाती आलेला कागद सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावा लागतो, इतकेच.

हा लेख लिहिण्याआधी मी मुलीला विचारले, "तुझी गोष्ट लिहू का?" ती म्हणाली, "लिही. पण नाव नको. आणि त्यांना सांग, चिठ्ठी पाठवण्याआधी आम्हाला विचारा."

मैत्रिणीला माझे उत्तर तेच.