संदेशाची सुरक्षित वाट

पोलादपूरहून महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळी घाट जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळून बंद पडला होता. अशा वेळी वाडीवस्तीवरील शाळेचे वर्तमान तालुक्यास पोहोचविण्याचा भार मोबाइलवरील संदेशांवर पडतो. त्या संदेशांत मुलांची नावे, जन्मतारखा, क्वचित आधार क्रमांकही असतात. म्हणून ही वाट निर्धोक कशी करावी, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावयास हवे.

शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा व अखेरीस मोर्तब असे. मुद्रेवरून पत्र कोणाचे हे कळे. मोर्तबामुळे मजकुराखाली कोणास काही वाढविता येत नसे. सुरक्षित जोडणी हीच दोन कामे करते व तिसरे गुप्ततेचे. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो. अ‍ॅप त्यावरील नाव, मुदत व प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सही पडताळते. दोन्ही बाजू, किल्ली प्रत्यक्ष न पाठविता, एकच गुप्त किल्ली ठरवितात. ही युक्ती डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढील सर्व मजकूर त्या किल्लीने बंद होऊन जातो. या पद्धतीस टीएलएस म्हणतात, तिची १.३ ही आवृत्ती २०१८ मध्ये निघाली.

जोडणी करताना पुढील क्रम पाळावा :

१. फोनची तारीख व वेळ बरोबर लावावी. ती चुकल्यास खरे प्रमाणपत्रही मुदत संपलेले भासते.

२. सर्व्हरचे नाव अक्षर न् अक्षर पडताळून लिहावे.

३. एक्सएमपीपी पद्धतीच्या अ‍ॅपमध्ये पोर्ट बहुधा ५२२२ असतो. तेथे सुरक्षित जोडणी ‘अनिवार्य’ ठेवावी. ‘शक्य असल्यास’ असे ठेवल्यास वाटेतील लबाड ती शक्यताच खुंटवितो आणि मजकूर उघडा जातो.

४. प्रमाणपत्राविषयी इशारा आल्यास ‘तरीही पुढे’ दाबू नये. सर्व्हर चालविणाऱ्यास फोन करून विचारावे.

पावसात रेंज गेली म्हणून सुरक्षा काढून टाकण्याचा मोह होतो. परंतु सुरक्षा काढल्याने रेंज येत नाही. केवळ मुलांची माहिती उघडी पडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टीएलएस वाटेचे रक्षण करते, मुक्कामाचे नाही. सर्व्हरवर मजकूर वाचता येतो. तेथेही तो बंद राहावा, तर दोन टोकांमधील कूटलेखनाची सोय असलेले अ‍ॅप वापरावे. आणि आवश्यक नसेल तो आधार क्रमांक मुळीच पाठवू नये.

प्रश्न : (१) मुद्रा व प्रमाणपत्र यांत साम्य कोणते? (२) ‘अनिवार्य’ हीच निवड का करावी?