सेल्फ फिरतो, गाडी उचलत नाही: पंप की सेन्सर, आणि खर्च किती?

आटगावहून तानसा धरणाकडे जाताना किंवा मुरबाड सोडून माळशेजच्या चढाला लागल्यावर पंधरा वर्षांची अल्टो, वॅगनआर नाहीतर सँट्रो बंद पडली, की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पंप गेला. तपासल्याशिवाय ते मान्य करू नका. पंप, क्रँक सेन्सर, रिले, फिल्टर, उंदराने कुरतडलेली वायर, यांपैकी काहीही बिघडलं तरी गाडी अशीच उभी राहते. खर्च मात्र दोनशे रुपयांपासून सहा हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकतो.

गाडी बंद कशी पडली, ते आधी आठवा. चढावर पिकअप कमी होत होत, हिसके देत थांबली असेल तर पेट्रोल पुरत नाही. फिल्टर चोंदलाय किंवा पंपाचा दाब उतरलाय. चालता चालता एका झटक्यात बंद पडली आणि इंजिन गार झाल्यावर मुकाट सुरू झाली, तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा. मेकॅनिकला हे वर्णन जसंच्या तसं सांगा.

आता फुकटातली तपासणी. पंखा आणि टेप बंद करा, काचा वर घ्या, चावी ‘ऑन’वर आणा, पण सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ ऐकू यायला हवं. काहीच ऐकू आलं नाही तर फ्यूज पाहा. मग हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले अगदी त्याच नंबरचा असेल, तर तो काढून पंपाच्या जागी लावून बघा. आवाज आला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही. मोटर फिरते आणि दाब देत नाही, असंही होतं.

आपल्या भागात बऱ्याच जुन्या गाड्यांना सीएनजी किट आहे, आणि त्याचा इथे मोठा उपयोग होतो. गाडी थेट गॅसवर सुरू करून पाहा. बटणाची रीत किटप्रमाणे बदलते, ती फिटरकडून आधीच शिकून ठेवा. गॅसवर नीट चालली आणि पेट्रोलवर नाही, तर दोष पेट्रोलच्या बाजूला: पंप, फिल्टर, इंजेक्टर किंवा त्यांची वायरिंग. दोन्हींवर धरत नसेल तर पंपाला हात लावू देऊ नका, आधी स्पार्क आणि क्रँक सेन्सर तपासायला सांगा. याच गाड्यांचे पंप लवकर जातात, कारण टाकी महिनोन्महिने रिझर्व्हवर असते आणि टाकीतला पंप गार राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळेच. पाव टाकी कायम ठेवा.

गॅरेजमध्ये दोन मोजमापं मागा. एक, फ्युएल लाइनला गेज लावून दाब. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत तो तीन बारच्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. दोन, सेल्फ मारताना पंपाच्या कपलरवर मल्टिमीटरने व्होल्टेज. वीज पुरेशी पोचते आणि दाब नाही, तर फिल्टर पाहून मग पंप बदला. वीजच पोचत नसेल तर नवा पंपही फिरणार नाही. वायर आणि अर्थिंग बघा. पावसाळ्यानंतर अर्थिंगच्या बोल्टला गंज हमखास सापडतो. लाइन उघडताना इंजिन गार हवं आणि जवळपास विडी-सिगारेट नको.

स्कॅनरबद्दल एक गैरसमज फार नुकसान करतो. पी०३३५ असा कोड आला म्हणजे क्रँक सेन्सर मेला असं नव्हे. त्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढंच. कपलर सैल असला तरी तोच कोड येतो. शिवाय फोनला जोडायचे स्वस्त स्कॅनर २०१३च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी बोलतच नाहीत. अशा वेळी त्या कंपनीचा स्कॅनर असलेला माणूस गाठावा.

भावांचा अंदाज असा, मॉडेलप्रमाणे कमीजास्त होईल. स्कॅनिंग ३०० ते ८०० रुपये, दाब तपासणी साधारण तेवढीच. रिले १५० ते ४००. तापमानाचा सेन्सर २०० ते ६००. सकाळी गाडी उशिरा धरते आणि काळा धूर येतो, तेव्हा हा आधी बघावा. क्रँक सेन्सर ५०० ते १,५००. ऑक्सिजन सेन्सर १,५०० ते ४,०००, पण त्याने सहसा गाडी बंद पडत नाही, ॲव्हरेज घसरतं. पंपाची नुसती मोटर ८०० ते १,५००, पूर्ण असेंब्ली ३,५०० ते ६,०००. टाकी उतरवावी लागली तर मजुरी वाढते, म्हणून ती आधीच ठरवा. टोचन करून कल्याणला न्यायचं तर दोन-तीन हजार वेगळे. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का, ते आजच पाहून ठेवा.

२२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. पूर्वी अनेक भागांवर २८ होता. पक्कं बिल घ्या आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. बिलावरून वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि दुकानात पैसे मोजण्याआधी विचारा: बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रिकल माल परत घेत नाहीत.