आधी मोज, मग थेंब

तुझा मेसेज वाचला. टाकीतल्या प्रवाळांपैकी ॲक्रोपोरा तपकिरी पडलाय, मोंटिपोराची जांभळी कड फिकी झालीय, दुकानदाराने रंगासाठी चार बाटल्यांचा संच सुचवलाय आणि त्यातली आधी कुठली घेऊ, असं तू विचारलंस. बाळ, इतक्यात कुठलीच घेऊ नकोस. इथे न्यू जर्सीत माझ्याआधीपासून खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्या जुन्या मंडळींनी मला जे शिकवलं आणि पुढे माझ्या टाकीत मला जे पटत गेलं, ते तुला नीट लिहून कळवतो. मेसेजमध्ये मावणारं ते नाही.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेव. बाटलीतल्या धातूचा रंग प्रवाळाला चढत नाही. तपकिरी रंग असतो तो प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा, झूझँथेलीचा. हिरवा, निळा, गुलाबी, जांभळा हे रंग प्रवाळ स्वतः प्रथिनांच्या रूपात तयार करतं. जेलीफिशमधलं असं हिरवं चमकणारं प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली शोधलं. त्या कामासाठी २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासह मिळालं. प्रवाळातली बहुतेक रंगीत प्रथिनं याच कुळातली. त्यांचा रंग देणारा भाग प्रथिनातल्याच तीन अमिनो आम्लांपासून घडतो. त्यात लोह नसतं, तांबं नसतं, निकेलही नसतं. त्यामुळे ‘लोह टाका, हिरवं होईल, पोटॅशियम टाका, निळं होईल’ हे गणित मी जसंच्या तसं कधी मानत नाही.

मग ही सूक्ष्म मूलद्रव्यं लागतात कशाला? लागतात, आणि ती नसतील तर प्रवाळ जगणार नाही. मँगनीजशिवाय शैवालाला उजेडाच्या जोरावर पाणी फोडता येत नाही. लोहाशिवाय प्रकाशसंश्लेषणाची साखळी पुढे सरकत नाही. जस्त आणि तांबं असलेलं एक विकर पेशीत तयार होणाऱ्या घातक रूपातल्या ऑक्सिजनला निकामी करतं, आणि भर उजेडात राहणाऱ्या प्रवाळाला त्याची रोज गरज असते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या गाभ्यात कोबाल्ट असतं. यातलं एखादं खरोखरच कमी पडलं तर प्रवाळ मलूल होतं, फिकटतं, आणि ती उणीव भरून निघाली की रंग परत येतो. म्हणजे आधी उणीव कशाची आहे ते कळायला हवं. आपल्या नाशिककडचा जाणता द्राक्ष बागायतदार देठ परीक्षणाचा अहवाल पाहून मग सूक्ष्म अन्नद्रव्यं देतो, तशीच शिस्त इथेही लागते.

तुझा ॲक्रोपोरा तपकिरी झालाय, फिका नाही. या फरकाकडे नीट बघ. तपकिरी म्हणजे शैवाल वाढलंय. एक तर उजेड कमी पडतोय, नाहीतर पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त झालंय. फिका पडला असता तर उलट शंका घेतली असती, उजेड जास्त किंवा अन्न कमी. ओळखीतल्या कुणाकडून उजेड मोजणारं पार मीटर मागून आण आणि ॲक्रोपोराच्या टोकाशी धरून बघ. २०० ते ३५०च्या दरम्यान आकडा आला तर उजेड ठीक आहे. शंभराच्या आसपास आला तर उत्तर मिळालंच. दिवा वाढवायचा तर हळूहळू, दोन-तीन आठवडे घेऊन वाढव. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर इतकं असू दे. दोन्ही शून्यावर आणायच्या नादाला लागू नकोस. अन्नच नसलेल्या पाण्यात प्रवाळ आधी पांढुरकं पडतं, आणि वाळूवर चिकट तपकिरी डायनोफ्लॅजेलेट्स पसरायला लागतात ते वेगळंच.

त्याच्याही आधी खारेपणा. समुद्राचं पाणी ३५ पीपीटीचं असतं. तुझा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने जुळवून घेतलेला आहे का? नुसत्या आरओ पाण्याने शून्य जुळवलं म्हणजे झालं असं नाही, वरच्या टोकाला तो खुशाल दोन-तीन अंकांनी चुकतो. खारेपणा ३३ असेल तर कॅल्शियमपासून आयोडिनपर्यंत सगळं सहा टक्क्यांनी कमी दिसणार, आणि तू एकेका बाटलीने ते भरत बसणार, जेव्हा खरं तर थोडं मीठ वाढवलं असतं तरी काम झालं असतं.

अल्कॅलिनिटी ७.५ ते ९ डीकेएचच्या मध्ये कुठेही ठेव, पण एका जागी ठेव. रोज ठरलेल्या वेळी मोज आणि वहीत लिही. आज ७, परवा ९ अशी ती हलत असेल तर महागातलं महाग ट्रेस, म्हणजे सूक्ष्म मूलद्रव्यांचं, द्रावणही फुकट जातं. कॅल्शियम ४००-४५०, मॅग्नेशियम १२५०-१३५०. याबद्दल जास्त लिहीत नाही, ते तुला येतं.

आता पाणी बदलण्याबद्दल. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून ते बाटलीकडे वळतात. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपल्या घरच्या प्रवाळ टाकीची पद्धत अमेरिकेतल्या एका मत्स्यछंदाच्या मासिकात जगापुढे मांडली. त्यात होतं समुद्राचं पाणी, जिवंत खडक, उजेड आणि हवेचे बुडबुडे. ट्रेसची बाटली त्यात नव्हती. जे काही लागत होतं ते त्या पाण्यातून येत होतं. आपण समुद्रापासून लांब राहतो, पण चांगल्या सिंथेटिक मिठातही ही मूलद्रव्यं असतात. सॉफ्ट कोरल आणि थोडी एलपीएस, म्हणजे मोठ्या पॉलिपची दगडी प्रवाळं, असलेल्या टाकीला दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर वेगळं काही घालावं लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुझ्या टाकीत एसपीएस, म्हणजे बारीक पॉलिपचं दगडी प्रवाळ, दाट आहे आणि झपाट्याने वाढतंय, म्हणून तुझ्याकडे आयोडिन, लोह, मँगनीज यांचा खप त्या दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ शकतो. शक्यता आहे, खात्री नाही.

आणि एक हिशेब स्वतः कागदावर करून बघ. समज, एखादं मूलद्रव्य तुझ्या टाकीत खपतच नाही. तू दर आठवड्याला त्याची एक मात्रा टाकतेस आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतेस. ते साचत साचत दहा मात्रांपर्यंत चढतं आणि मग तिथेच राहतं. जास्त झालेलं काढायला गेलीस तर दहा-दहा टक्क्यांचे चार बदल करूनही दोन-तृतीयांश तसंच शिल्लक राहतं. घालायला एक क्षण पुरतो, काढायला महिने लागतात. आंधळेपणाने ओतू नकोस असं जुने लोक बजावतात त्यामागे हाच हिशेब आहे.

म्हणून आधी आयसीपी चाचणी, म्हणजे पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी. नमुना घेताना हात कोरडे आणि स्वच्छ, नळी टाकीच्या पाण्याने तीनदा विसळलेली, आणि त्या दिवशीचं डोसिंग सुरू होण्याच्या आधीची वेळ. आरओ पाण्याचा नमुनाही सोबत पाठव. तांबं किंवा ॲल्युमिनियम कधी कधी तिथूनच येत असतं. अहवाल आला की आधी नको असलेल्या धातूंच्या रकान्याकडे बघ, कमी पडलेल्यांकडे नंतर. कथिल वाढलेलं दिसलं तर पीव्हीसीचा लवचिक पाइप तपास. लोह आणि जस्त एकदम वर गेलं असेल तर गंजलेला लोहचुंबक किंवा पाइपच्या पट्ट्याचा स्क्रू शोध. हे असताना वरून ट्रेस घालणं म्हणजे चुकीत भर.

अहवालात लोहासमोर किंवा कोबाल्टसमोर शून्य दिसलं म्हणून घाबरू नकोस. त्याचा अर्थ एवढाच, की ते यंत्राला दिसण्याइतकं नव्हतं. खुद्द महासागराच्या वरच्या थरात लोह लिटरला एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतं. शून्याला ‘उणीव’ म्हणून भरायला गेलं की डोस चुकलाच. पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम, बोरॉन, ब्रोमाइड यांचे आकडे मात्र भरवशाचे असतात. समुद्रात पोटॅशियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या जवळपास, स्ट्रॉन्शियम ८ मिलिग्रॅमच्या आसपास. पोटॅशियम ३७०च्या खाली गेलं तरच भर. स्ट्रॉन्शियम मिठातूनच पुरेसं मिळतं. एका अहवालावरून औषध सुरू करू नकोस. चार-सहा आठवड्यांनी दुसरा घे आणि दोन्हींत जे सातत्याने कमी आहे तेवढ्याचाच विचार कर.

आयोडिनवर थोडं जास्त लिहितो, कारण टाक्या सगळ्यात जास्त बिघडतात त्या यामुळे. समुद्रात ते लिटरला जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम असतं. तुझी टाकी ७५ गॅलनची, म्हणजे २८४ लिटर. खडक-वाळूची जागा वजा करून आणि खालच्या सम्प टाकीतलं मिळवून पाणी २५० लिटर धरू. आता औषधाच्या दुकानातलं पाच टक्क्यांचं लुगोल घे. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आयोडिन आणि १०० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, म्हणजे एकूण आयोडिन १२६ मिलिग्रॅमच्या आसपास. ड्रॉपरचा एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धर. एका थेंबात सहा मिलिग्रॅमहून जास्त आयोडिन आलं. २५० लिटरमध्ये ते लिटरला ०.०२५ मिलिग्रॅमने वाढतं. म्हणजे एकाच थेंबाने समुद्रातल्या आयोडिनच्या पातळीच्या चाळीस टक्के भर पडली. ‘रोज चार-पाच थेंब टाका’ असा सल्ला तुला कुणी दिला तर हा हिशेब त्याच्यासमोर मांड. लुगोल आरओ पाण्यात शंभर पट पातळ करूनच वापर. ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेव, कातडीला चटके बसतात. आणि आयोडिन मोजायच्या घरगुती किटवर विसंबू नकोस, आयसीपीच बघ.

तांबं आणि जस्त आपल्या हाताने कधी घालू नकोस. दोन्ही प्रवाळाला लागतात खरी, पण मिठातून, माशांच्या खाण्यातून गरजेपुरती येतात. तांबं जरा वाढलं की आधी गोगलगायी काचेवरून खाली पडतात, मग कोळंबी, मग प्रवाळ.

घालायचं ठरलंच तर एका वेळी एकच मूलद्रव्य. लेबलवर लिहिलेल्या मात्रेचा चौथा भाग, तोही आठवडाभरात विभागून. सम्पमध्ये जिथे पाण्याला जोर आहे तिथे टाकायचं. अल्कॅलिनिटीचं द्रावण ज्या वेळी पडतं त्या वेळी ट्रेस नको, निदान तास-दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियमचा पांढरा साका बसतो. डोसिंग पंपाची रबरी नळी झिजते, तेव्हा दर महिन्याला मोजपात्रात दहा मिलिलिटर सोडून ती खरंच दहा सोडते का ते तपास. ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि स्किमर आयोडिन व काही धातू ओढून घेतात, म्हणून मात्रा ठरवल्यावर कार्बनचं प्रमाण मध्येच बदलू नकोस. नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणारच नाही.

फरक दिसायला तीन आठवडे थांब. फोटो काढ, पण निळ्या दिव्यात नाही. निळ्या उजेडात सगळंच चमकतं. दर रविवारी पांढऱ्या दिव्यात, त्याच जागेवरून, त्याच वेळी काढ. ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोकं बघ. पांढरट टोकावर पातळ कातडी आणि बारीक पॉलिप दिसत असतील तर ती नवी वाढ आहे, चांगली खूण. टोकाची कातडी गेलेली असेल आणि उघड्या सांगाड्यावर हिरवं शेवाळ धरत असेल तर ते करपलेलं टोक. बहुतेक वेळा अल्कॅलिनिटी जास्त आणि अन्न कमी, असं त्याचं कारण असतं. तळापासून कातडी सुटायला लागली तर सगळे डोस त्या क्षणी बंद कर, पाणी बदल, आणि मग कारण शोध. संध्याकाळी दिवे मंदावल्यावर पॉलिप बाहेर येतात का, हे रोज बघायची सवय लाव. रंगाआधी बदल तिथे दिसतो.

ताई म्हणाली, डिसेंबरात तुम्ही मालवणला जाणार. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात प्रवाळ दिसतं, स्नॉर्केलिंग जरूर कर. पण किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलू नकोस. भारतात खडक बांधणारं प्रत्येक प्रवाळ २००१ सालापासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १मध्ये आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. पुण्यातल्या कुणा मित्राने तुझ्याकडून फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा तुकडा, मागितला तरी पाठवायचा नाही. इथे अमेरिकेतही बाहेरून आणलेलं दगडी प्रवाळ साइटिस या वन्यजीव व्यापार कराराच्या कागदांसहच विकत घे, आणि जमेल तेव्हा ओळखीच्या माणसाच्या टाकीत वाढलेला फ्रॅग घे. तोच टाकीत लवकर रुळतो.

या आठवड्यात रिफ्रॅक्टोमीटर जुळवून घे, पारचा आकडा घे, अल्कॅलिनिटी सलग सात दिवस लिही आणि नमुना पाठव. अहवाल आणि वहीतली पानं दोन्ही मला फोटो काढून पाठव, मग बसून ठरवू.